चौफुलीवर थांबलेली तीन नंबरची गाडी

परत आल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण एकच विचारतो. बिनड्रायव्हरच्या गाड्यांचा आणि ओतूरचा संबंध काय? शेजारच्या काकूंना तर खात्रीच आहे की मी गुपचूप अष्टविनायक करून आले आणि उगीच कामाचं नाव सांगते. तेव्हा एकदाच सगळं लिहून काढते, म्हणजे विचारेल त्याच्या हातात कागद ठेवता येईल.

मी रत्नागिरीची. तीसेक वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवलं आणि निवृत्त झाले. निवृत्तीनंतर बायका भजनी मंडळात जातात, मी चौकात अडकले. म्हणजे असं, की ड्रायव्हर नसलेल्या गाड्या चौकात आल्या तर कुणी आधी जायचं आणि कुणी थांबायचं, हे ठरवणारं गणित मी आणि माझे दोन जुने विद्यार्थी मिळून मांडत होतो. सिग्नल नाही, शिट्टी नाही, पोलीस नाही. प्रत्येक गाडी लांबूनच कळवते की मी येतेय, अमुक वेगाने येतेय. कॉम्प्युटर सगळ्यांचा क्रम असा लावतो की सगळ्या गाड्यांचं मिळून थांबणं कमीत कमी व्हावं. नवी गाडी आली की क्रम मोडून पुन्हा लावतो. झालं, एवढंच. सांगायला सोपं आहे, करायला बसलं की केस पांढरे होतात.

आता हे खऱ्या रस्त्यावर कोण करू देणार? आपल्या रस्त्यावर म्हशी, स्कूटर आणि लग्नाची वरात एकाच वेळी येते. म्हणून ओतूरजवळच्या भाजीवाल्या शेतकऱ्यांच्या एका कंपनीने स्वतःचं आवार दिलं. आवारात चार शेड, दोन रस्ते, आणि ते रस्ते एकमेकांना छेदतात ती चौफुली. आठ बॅटरीच्या बुटक्या गाड्या टोमॅटोची क्रेट घेऊन दिवसभर त्या चौफुलीतून जा-ये करायच्या. त्याआधी ही क्रेट बायका डोक्यावरून न्यायच्या. भरलेलं क्रेट वीस किलोचं.

गाड्या लागून महिना झाला होता आणि गेला आठवडाभर तिथून फोन येत होते की चौफुलीवर घोळ होतोय. शुक्रवारी सभासदांची बैठक होती. तोवर घोळ मिटला नाही तर गाड्या परत पाठवायच्या आणि बायकांनी पुन्हा क्रेट उचलायची, असं ठरलं होतं. माझ्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाचं लग्न, दुसऱ्याला कांजिण्या. मग काय, म्हातारीनेच पिशवी उचलली.

सोमवार: नारायणगाव, खोडद, ओझर

रत्नागिरी ते पुणे हा प्रवास सांगण्यासारखा नाही आणि पुणे ते नारायणगाव हा तर विसरण्यासारखा आहे. नारायणगावच्या स्टँडवर रफिकभाई घ्यायला आले होते. रफिकभाई मूळचे जुन्नरचे, कंपनीच्या आवारातले मेकॅनिक. मोटर, पंप, वजनकाटा, आणि आता या गाड्याही त्यांच्याच अंगावर. त्यांचे आजोबा जुन्नरात हातकागद करायचे, हे त्यांनी जीपमध्ये बसल्या बसल्या सांगितलं.

"मॅडम, आधी काम की आधी पाहुणचार?"

"आधी काम."

"मग आधी खोडद," म्हणाले आणि गाडी उलट्या दिशेला वळवली.

खोडदला जायचं कारण माझीच एक जुनी चूक. सुरुवातीला आम्ही ही चाचणी खोडदजवळच्या एका सपाट माळावर करायची ठरवली होती. नकाशावर जागा झकास दिसली. माळाशेजारी आभाळातले अगदी क्षीण रेडिओ आवाज ऐकणारी दुर्बीण आहे आणि आमच्या गाड्या एकमेकींशी वायरलेसवर अखंड बडबड करतात, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. तिघेही शिकलेले, बघा. तिथल्या लोकांनी अतिशय सभ्य भाषेत कळवलं की कृपा करून दुसरीकडे जा. रफिकभाईंना ही गोष्ट इतकी आवडली होती की ती जागा मला दाखवल्याशिवाय त्यांना राहवेना.

कांद्याच्या आणि उसाच्या वावरांमध्ये त्या प्रचंड जाळीदार तबकड्या उभ्या होत्या. खाली एक बाई शेळ्या चारत होती. मी बघत असताना तबकड्या वळू लागल्या, सगळ्या एकाच दिशेला, अगदी सावकाश. शेळ्यांनी मान वर केली नाही. मी मात्र बराच वेळ बघत राहिले आणि मनातल्या मनात त्यांची माफी मागितली.

ओझरला रफिकभाईंनी न विचारताच गाडी थांबवली. "पावणं आलं की ओझर दाखवायचं, हा आमच्याकडचा नियमच आहे," म्हणाले, आणि मी विघ्नहराचं दर्शन घेऊन येईपर्यंत बाहेर चहा घेत थांबले. मी देवाकडे सहसा काही मागत नाही, पण त्या दिवशी शुक्रवारचा विषय काढला. त्याचं नावच विघ्नहर, त्याला सोडून दुसऱ्या कुणाला सांगणार?

ओतूरला रफिकभाईंच्या घरी पोचलो तर जेवायला मासवडी. आमच्याकडे पाहुण्याला मासे घालतात, इथे बेसनाच्या आवरणात तिखट सारण भरून त्याला माशाचा आकार देतात आणि रश्शात सोडतात. रस्सा असा जाळ की डोळ्यांतून पाणी आलं. वर आंब्याची एक फोड पुढे आली आणि रफिकभाईंच्या पत्नी म्हणाल्या, "जुन्नरचा हापूस आहे, खाऊन बघा." मी रत्नागिरीची. मला हापूस सांगतात? खाल्ला. चांगला होता. तसं मी त्यांना सांगितलंही, पण फार मोठ्याने नाही.

मंगळवार: आवार

सकाळी आठला चौफुलीच्या कडेला खुर्ची टाकून बसले. खरं सांगते, पहिला अर्धा तास मला माझाच अभिमान वाटत होता. चारी बाजूंनी गाड्या येत होत्या, एक जरा हळू व्हायची, दुसरी तिच्या पुढून सरकायची, तिसरी मागून, आणि एकही धड थांबत नव्हती. माणसं अशी कधी चौक ओलांडतात का? आपल्याकडे चौघं एकदम घुसतात आणि मग चौघंही हॉर्न वाजवत बसतात.

मग तीन नंबरची गाडी आली. चौफुलीच्या तोंडाशी येऊन थांबली. दोन नंबर गेली, सात गेली, एक गेली, पाच गेली, परत दोन आली आणि परत गेली. तीन नंबर जागची हलली नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. क्रेटमधले टोमॅटो उन्हात. वीस मिनिटांनी शेडमधून एक बाई तरातरा आली. पन्नाशीची, काटक, पदर खोचलेला. गाडीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"जा की गं बाई. का अडून बसलीस?" हे गाडीला.

मग मला म्हणाली, "तुमीच का त्या रत्नागिरीच्या मॅडम? बघा हिचं. रोज ही अशीच करती. बाकीच्या साती पोरी शहाण्या, हीच एक येडी."

त्या हिराबाई. माल निवडणाऱ्या बायकांच्या मुकादम. तीन नंबरची गाडी त्यांच्याच शेडची. चाळीस मिनिटं झाली तेव्हा त्यांनी गाडीवरचं एक क्रेट उचललं, डोक्यावर घेतलं आणि चालू लागल्या. मागून दोघी आल्या, त्यांनीही एकेक उचललं. चार खेपा झाल्यावर हिराबाई शेडच्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. एक हात कमरेवर, डोळे मिटलेले. मी पाणी नेऊन दिलं.

"दोन वर्सं झाली, कंबर धरलीय," त्या म्हणाल्या. "आमच्यातल्या निम्म्या जणींचं ह्येच हाय. गाड्या येणार म्हटल्यावर बाया भ्यायल्या, म्हणल्या आपलं काम जाणार. मी म्हटलं, जाणार न्हाई. अण्णांकडनं लिहून घेतलं मी. उचलायचं तेवढं जाईल, निवडायचं ऱ्हाईल. माज्या शब्दावर समद्या व्हय म्हणाल्या. आता शुक्रवारी गाड्या गेल्या तर मी कुणाला तोंड दावू?"

अण्णा म्हणजे कंपनीचे चेअरमन. दुपारी तेही आले, सौम्य माणूस, पण उन्हात मऊ पडलेले टोमॅटो हातात घेऊन आले होते. "मॅडम, सात गाड्या चालतात हे मला कळतं," म्हणाले. "पण सभासद आठवीकडेच बघणार."

संध्याकाळपर्यंत मी कॉम्प्युटरमधली सगळी नोंद चाळली. आणि घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं. गणितात चूक नव्हती. हेच तर वाईट होतं. तीन नंबरची गाडी बाकीच्यांपेक्षा फार हळू चालत होती. ती चौफुली ओलांडायला जेवढा वेळ घेई, तेवढ्यात दुसऱ्या चार निघून जात. मग कॉम्प्युटर दर वेळी हिशेब करी: हिला सोडलं तर चौघींना थांबावं लागेल, चौघींना सोडलं तर हिला एकटीला. एकूण थांबणं कमी करायचं ना? मग राहू दे हिला. चौघी गेल्या की नव्या चौघी येत, आणि पुन्हा तोच हिशेब. मी सांगितलं तेच ते यंत्र इमानेइतबारे करत होतं. दोष द्यायला दुसरं कुणी सापडेना, तेव्हा फार एकटं वाटलं.

आणि मुळात ती हळू का? रफिकभाईंनी आठवड्यात तिची मोटर बदलली होती, बॅटरी बदलली होती, चाकं अदलाबदल करून पाहिली होती. "मॅडम, आता फक्त रंग बदलायचा राहिलाय," म्हणाले.

बुधवार: आंबेगावचे डोंगर

बुधवारी अमावस्या. आवार बंद. मी म्हटलं, मला कुलूप उघडून द्या, मी एकटी बसते. रफिकभाईंनी नुसती मान हलवली. अमावस्येला मार्केट बंद म्हणजे बंद, तिथे गणित चालत नाही. आमच्याकडे गटारी सोडली तर अमावस्येचं एवढं कुणी मनावर घेत नाही. मी चरफडत बसले होते, तेवढ्यात हिराबाई म्हणाल्या, "माहेरी चाललीय मी, हिरड्याचं पोतं आणायचंय. चला की. इथं बसून काय करता?"

तर अशी मी, शुक्रवार तोंडावर असताना, जीपमध्ये बसून डोंगरात निघाले. जुन्नर मागे टाकून घोडेगाव, मग डिंभ्याचं धरण. मे महिन्यात पाणी इतकं आटलेलं की काठावर भेगाळलेल्या मातीचे पट्टे पडले होते. पुढे रस्ता चढत गेला, उसाचं आणि टोमॅटोचं राज्य संपलं, भाताची रिकामी खाचरं दिसायला लागली आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

जिथे जीप थांबली तिथून वाडी तासाभराच्या पायवाटेवर. हिराबाईंचा भाऊ सखाराम न्यायला आला होता, शिवाय बाजारातून परतणारी तिघं मंडळी होती, डोक्यावर मिठाच्या आणि पिठाच्या पिशव्या. माझ्या गुडघ्यांची अवस्था मला माहीत. मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे, मी सावकाश येते मागून."

"तसं न्हाई जमत, बाई," सखाराम म्हणाला. "हितं मागं एकटं ऱ्हायचं न्हाई कुणी. बिबट्या कायम शेवटचं माणूस हेरतो. जो हळू, त्यो म्होरं. आमची रीतच हाय ती."

आणि त्यांनी मला खरोखर पुढे घातलं. माझ्या मागे पाच माणसं, त्यातल्या तिघांच्या डोक्यावर ओझं, आणि सगळी माझ्या गोगलगायीच्या चालीने. पहिली दहा मिनिटं मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी वेग वाढवायला गेले, धाप लागली, चपलेचा अंगठा तुटला. सखारामने कुठल्याशा झाडाची साल सोलून तो बांधून दिला. मी पुन्हा म्हटलं, जा हो तुम्ही. मागे त्यांच्या गप्पा चालू होत्या, कुणाच्या म्हशीला काय झालं, कुणाच्या सुनेचं कसं आहे. एका वळणावर मागे वळून पाहिलं. कुणाच्याही कपाळावर आठी नव्हती. तेव्हा कुठे माझा श्वास जागेवर आला, आणि पुढची वाट मी माझ्या चालीने चालले. उतारावरची करवंदं खायलाही थांबले, तर सगळी थांबली.

डोंगरातल्या माणसांनी मला गणित शिकवलं, असं इथे लिहिलं तर वाचायला फार गोड लागेल. पण ते खोटं आहे. कुणालाही अमुक इतक्यापेक्षा जास्त थांबवायचं नाही, ही अट आमच्या गणितात घालता येते हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मुलांना कितीदा शिकवलंय. मीच ती घातली नव्हती, कारण ती घातली की एकूण आकडा थोडा बिघडतो, आणि मला आकडा सुरेख हवा होता. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः ती हळू गाडी झाले होते, एवढंच त्या वाटेवर घडलं. तेवढं पुरलं.

वाडीत अंगणोअंगणी बाळहिरडा वाळत घातला होता. हिराबाईंच्या वहिनीने तांदळाची भाकरी वाढली, अगदी आमच्यासारखी पातळ, आणि सोबत कारळ्याची चटणी. आमच्याकडे भाकरीबरोबर ओल्या नारळाचं काहीतरी असतं, नारळाविना जेवणाची मी कल्पनाच करत नाही. इथे नारळाचं नाव नव्हतं आणि मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. वहिनी म्हणाली, "शहरातल्या बाया येवढं खात न्हाईत." हिराबाई म्हणाल्या, "ह्या शहरातल्या न्हाईत, ह्या रत्नागिरीच्या." ही स्तुती समजायची की काय, मला अजून ठरवता आलेलं नाही.

गुरुवार: आवार

पहाटेच उठून अट घातली. चौफुलीच्या तोंडाशी कुठलीही गाडी ठरावीक वेळाच्या वर थांबली की पुढचा नंबर तिचा, मग तिच्यामुळे कितीही जणी थांबोत. लिहायला दहा ओळी. सातला आवारात पोचले तेव्हा रफिकभाई गाड्यांच्या काचा पुसत होते. प्रत्येक गाडीच्या पुढच्या बाजूला वरती एक काळी काचपट्टी असते, तिच्यातून गाडी बघते. धूळ बसली की तिला नीट दिसत नाही, म्हणून हे रोजचं काम.

आठला शेड उघडली. मी तीन नंबरच्या मागेच उभी होते, म्हटलं आज हिला नजरेआड होऊ द्यायचं नाही. हिराबाई आल्या. पिशवीतून एक छोटी डबी काढली, तीन नंबरसमोर उभ्या राहिल्या, हळदीकुंकवाचं बोट गाडीच्या कपाळाला टेकवलं, हात जोडले आणि कामाला लागल्या.

गाडीचं कपाळ म्हणजे ती काळी काचपट्टी.

मी तिथेच एका उलट्या क्रेटवर बसले. हसू की रडू कळेना. गाडीला समोर कायम काहीतरी अंधूक दिसत होतं, आणि अंधूक दिसलं की हळू चालायचं असं तिला बनवणाऱ्यांनीच शिकवलं होतं, शहाणपणाने. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तशी पिवळी खूणही यायची. पण धुळीमुळे ती खूण दिवसभरात सगळ्याच गाड्यांवर येते, म्हणून तिकडे बघायचं सगळ्यांनी सोडून दिलेलं. रफिकभाई काच पुसायचे सातला आणि हिराबाई कुंकू लावायच्या आठला. बाकीच्या बायकांनी गाड्यांची पूजा पहिल्या दिवशी केली आणि विसरून गेल्या. हिराबाईंच्या मनात आठवड्यापूर्वी आलं की आपणही विसरलो, म्हणून गाडी नीट चालावी यासाठी त्यांनी रोजचा नेम धरला होता. आणि त्याच आठवड्यात गाडी अडायला लागली. ती जसजशी अडायला लागली, तसतसं बोट मोठं होत गेलं.

जीव भांड्यात पडला म्हणजे काय ते मला त्या क्षणी समजलं. मोटर नाही, बॅटरी नाही, काही नाही. पण हे हिराबाईंना सांगायचं कुणी? आणि अण्णांच्या कानावर गेलं तर बैठकीत सगळं खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार?

रफिकभाईंना बाजूला घेऊन सांगितलं. ते म्हणाले, "बैठकीत मी काच मळली होती एवढंच सांगेन. ते खरंच आहे. हिराबाईंशी तुम्हीच बोला मॅडम, बाईमाणसाने सांगितलेलं बरं."

मी हिराबाईंना शेडच्या मागे नेलं आणि सरळ सांगून टाकलं. आडवळणाने सांगायची कला मला येत नाही. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"म्हंजी माज्यामुळं? समद्या बायांचं नुसकान माज्या हातनं?"

"नाही. तुमच्यामुळे ती हळू झाली. अडून राहिली ती माझ्यामुळे. हळू माणसालाही पाळी मिळायला हवी हे मी तिच्या डोक्यात घातलंच नव्हतं. उद्या दुसरी कुठली गाडी दुसऱ्या कशाने हळू होईल. चूक माझी होती हिराबाई, तुमच्या कुंकवाने उघडकीला आणली."

त्यांनी पदराने डोळे पुसले. मग एकदम व्यवहाराचं बोलल्या. "मग आता कुटं लावू? न लावता मला न्हाई जमायचं."

मी मागची पत्र्याची बाजू दाखवली. "पाठीला कुणी कुकू लावतं व्हय?" त्यांनी मलाच झापलं. गाडीभोवती एक फेरी मारली, पुढच्या चाकाच्या वरचा पत्रा चाचपला. "हितं. हा तिचा खांदा. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा मळत्यात, तसं." रफिकभाईंनी काच पुसली, हिराबाईंनी खांद्याला बोट लावलं, आणि तीन नंबर इतकी तुरूतुरू निघाली की शेडमधल्या बायका बघायला बाहेर आल्या.

शुक्रवार: बैठक

सभासद सकाळी साडेआठलाच आले, चाळीसेक जण, टोप्या, फेटे, दोन-तीन जीन्सवाले. चौफुलीभोवती गोल करून उभे राहिले. आठही गाड्या सुरू झाल्या. तासभर सगळं लोण्यातून सुरी फिरावी तसं चाललं आणि लोक कंटाळायला लागले. मला वाटलं, सुटलो.

आणि पाच नंबर लंगडायला लागली. नंतर कळलं की क्रेट बांधायच्या नायलॉनच्या दोरीचा तुकडा तिच्या मागच्या चाकात गुंतला होता. ती कशीबशी चौफुलीच्या तोंडाशी आली आणि थांबली. एक गेली, चार गेली, आठ गेली. लोकांची कुजबुज सुरू झाली. माझ्या शेजारी हिराबाई उभ्या होत्या, त्यांनी माझं मनगट धरलं. मी मनात आकडे मोजत होते आणि माझा माझ्याच गणितावर काडीचा विश्वास उरला नव्हता.

मग चारी बाजूंच्या गाड्या थांबल्या. सगळ्या. पाच नंबर खुरडत खुरडत मधे आली, चौफुली ओलांडली, पलीकडे गेली, आणि तोवर बाकीच्या सात जणी आपापल्या जागी उभ्या राहिल्या. ती पार झाल्यावर मग हलल्या. मला त्या डोंगरातल्या पाच माणसांची आठवण झाली आणि डोळे वाहू लागले. चौकातल्या गाड्या बघून रडणारी मी पहिलीच बाई असेन.

एक फेटेवाले गृहस्थ हातातल्या घड्याळाकडे बघत म्हणाले, "मॅडम, एकीसाठी साती थांबल्या. यात टाइम नाही का जात?"

"जातो," मी म्हटलं. "आधीच्यापेक्षा थोडा जास्तच जातो. पण आता कुठलीच गाडी अडून राहणार नाही." तीस वर्षांत लोकांसमोर उभं राहून माझं उत्तर आधीपेक्षा थोडं वाईट आहे असं मी कधी म्हटलं नव्हतं. शिंचं इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू.

अण्णांनी रफिकभाईंना विचारलं, "आजचा माल ट्रकवर कधी चढला?"

"दहाच्या आत, अण्णा. पूर्वी बारा वाजायचे."

"मग मिनिटं कशाला मोजताय," अण्णा फेटेवाल्यांना म्हणाले. "पावसाळ्यात तुमचा ट्रॅक्टर चिखलात रुतला तर आम्ही थांबतोच की." लोक हसले, फेटेवालेही हसले, आणि हात वर करून गाड्या ठेवायचं ठरलं. विरोधात एकही हात नव्हता. मी लांबलचक हुश्श केलं आणि हिराबाईंनी माझं मनगट सोडलं. त्यावर त्यांच्या बांगड्यांचे वळ उठले होते.

शनिवार: ओतूर

दुपारची एसटी होती. निघण्याआधी आवारात डोकावले. तीन नंबर चौफुलीतून निघून गेली, खांद्यावर ताजं बोट. मी तिकडे पाहिलंसुद्धा नाही, म्हणजे पाहायची गरज वाटली नाही.

शेडमध्ये चहाची वेळ होती. बायका उलट्या क्रेटवर बसून चहा पीत होत्या. मंगळवारी याच वेळेला त्यातल्या निम्म्या जणी जमिनीवर आडव्या पडलेल्या पाहिल्या होत्या, पाठ टेकून. हिराबाईंनी सरकून मला जागा दिली, कप हातात दिला. बाकीच्यांचा काहीतरी हास्यविनोद चालला होता, त्या मात्र गप्पच होत्या, कसला तरी विचार करत असाव्यात तशा. मला वाटलं, काही बिनसलं की काय.

"काय झालं हिराबाई? बरं नाही का?"

"तसं न्हाई," त्या म्हणाल्या. "आत्ता ध्यानात आलं. आज सकाळधरनं मला कंबर हाय, ह्याची याद न्हाई आली."